रंगारी झेरॉक्स, इंदोरा चौक

एका बाजूचे दोन रुपये, दोन्ही बाजूंचे तीन.
टी.सी., सातबारा, मार्कशीट, मृत्यूचा दाखला,
सगळं या काचेवर पालथं निजतं,
खालून उजेड सरकतो
आणि माणूस गरम कागद होऊन बाहेर येतो.
मी वाचत नाही. म्हणजे वाचायचं नसतं.
पण दुकानाला अठरा वर्षं झाली,
डोळ्यांना काही शटर नाही.

खियलदास दर मे महिन्यात येतो.
हिरवा पासपोर्ट, घोटकीचा जन्मदाखला,
ठाण्याची पावती, घरमालकाचं पत्र,
आणि भाषांतर, ज्यात त्याच्या बापाचं नाव
तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलंय.
जरीपटक्यात पापड विकतो.
काऊन आला, म्हणून एकदा विचारलं होतं.
"बेटी बडी हो रही थी," म्हणाला
आणि सुटे मोजत बसला.
पुढं मी विचारलं नाही.
पोरीच्या आईला एवढं वाक्य पुरतं.

ती बेटी आता गोंदियाला, दोन लेकरांची आई.
खियलदासची आई मात्र तिकडंच राहिली.
फोनवर अग्नी दिसला, मग रेंज गेली.
अस्थी कराचीत आहेत, मडक्यावर नावाची चिठ्ठी.
राखेला व्हिसा लागत नाही, म्हणे,
आणणाऱ्याला लागतो,
आणि आणणारं कोणी उरलं नाही.

काल त्याच्या मागं ऋत्विज मोटघरे उभा.
बैरामजी टाऊनचा. विनिपेगहून आला,
वडिलांचा फ्लॅट विकायला.
निळा पासपोर्ट काचेवर ठेवला,
कोपरा कापलेला, आत 'रद्द'चा शिक्का.
"याच्या दोन कॉप्या, काकू."
आणि लाईन गेली.

शेहेचाळीस डिग्री. कुलर थांबला,
खसाचा वास तेवढा फिरत राहिला.
बाकावर दोघं, मधे एक पाण्याची बाटली.
खियलदासनं विचारलं, "हात लावू का?"
पानं उलटली, सिंहांवरून अंगठा फिरवला,
मग धंदेवाल्या माणसानं विचारावं तसं विचारलं,
"वापस देण्याचे पैसे मिळतात का?"
"नाही काका. उलट आपल्यालाच फी भरावी लागते."
खियलदास हसला. खूप वेळ हसला.
"मी चौदा वर्षं भरून राहिलो," म्हणाला.
ऋत्विजला कळलं नाही हसावं की काय.
त्यानं बाटली पुढं केली.

माझे आजोबा पवनीहून मिलमध्ये आले
तेव्हा कोणी दाखला मागितला नव्हता.
फक्त हात पाहिले होते.

रात्री शटर अर्धं ओढून
मी उत्पलाचे कागद काढले.
नर्स आहे. धंतोलीत बारा तासांचे सोळा हजार.
सहा महिन्यांपासून जर्मन शिकून राहिली,
भांडी घासताना डेर, डी, दास.
परवा म्हणाली, आई, तिकडं भांडं पुल्लिंगी असतं.
म्हटलं, मग स्वतःच घासून घेत असेल.
तिकडं म्हाताऱ्यांची कूस बदलायला माणूस नाही, सांगत होती.
इकडं आहे का, असं तोंडावर आलं होतं.
पण ती त्या वेळी माझ्याच गुडघ्याला
तेल लावत होती.

जन्मदाखला काचेवर ठेवला.
टोनर संपत आलेला.
नाव नीट उमटलं, तारीख नीट उमटली,
'जन्मस्थळ'पुढं नागपूर फिकं आलं.
झाकण दाबून धरलं, परत काढली.
चार रुपये झाले.
गल्ल्यात टाकले.
घरच्यांना मी उधारी देत नाही.