दोन टाक्यांची तूट

शाल्मली राजवाडेचं नवं पुस्तक आलं की
दौलतगंजातून जाताना होतचंदानी हाक मारतो,
"मैडमजी, शाल्मलीवाला हरा आ गया."
रंगाला आता तिचंच नाव.
शेवाळी, मेंदी, पोपटी
वरच्या फळीवर धूळ खात बसलेत.

मी घेते. घेतेच.
तिनं सात गुंड्या लिहिल्यात, मी नऊ घेते,
कारण तिच्या सातात
माझी डावी बाही आजवर कधी पुरी झालेली नाही.

पुण्यात राहते म्हणे.
फोटोतल्या मुलीनं कप दोन्ही हातांनी धरलाय
आणि गळा असा, की दोन्ही खांदे वाऱ्यावर.
अगं बाई, इथे जानेवारीत अकरा वाजेपर्यंत
किल्ला जागेवर आहे की नाही तेच कळत नाही.
दूधवाला आधी खोकतो, मग दिसतो.
तुझ्या गळ्यातून आमचा सगळा पौष आत येईल.
मी दर वेळी सोळा ओळी वर चढवते
आणि दर वेळी वाटतं
कुणाच्या तरी नटलेल्या मुलीला
दारातच अडवून शाल गुंडाळली.

एजी ऑफिसात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या.
सवय हाताला असते.
'पानगळ'ची पाठ अर्धीअधिक विणून झाली होती,
रात्रीचा एक, हीटरची एकच कांडी लाल,
तेव्हा कुठे पेन्सिल उचलली.
टाके १३६.
नक्षी आठाची, वर काठाचे दोन.
सतरा आठे एकशे छत्तीस,
मग काठाचे दोन कुठायत?
इतक्या बायकांनी विणलं, कुणी मोजलं नाही?
की मोजलं, आणि मनात म्हणाल्या
आपलंच चुकलं असणार?

उसवायचं होतं. उसवलं नाही.
पुढे खांदा होता ना.
खांदा तिचाच घ्यावा.
चाळीस वर्षं मी खांदे चौकोनी केले,
खोक्याला झाकण बसवावं तसे शिवले.
हिनं दर ओळीला चार टाके मागे ठेवून
सुई अशी वळवायला लावली
की उतार आपोआप आला, पाण्याला येतो तसा.
आता माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला
तरी स्वेटर कंबर सोडत नाही.
ही बाई केव्हातरी कुणाच्यातरी खांद्याकडे
फार वेळ बघत बसली असणार.
त्या दिवशी तिला सगळं माफ केलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टकार्ड टाकलं:
पान बावीस, टाके दोन कमी.

संक्रांतीचं हळदीकुंकू, आठल्यांकडे.
अकरा बायका, चौघींच्या अंगावर 'पानगळ'.
एकाच शाळेतून सुटल्यासारख्या
आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं.
मुद्गलांच्या सुनेनं माझा काठ उलटून पाहिला,
"शाल्मलीचं ना, काकू?"
तोंडात तिळगूळ होता.
मान हलली.
कुठल्या दिशेनं, ते तिनं ठरवलं.

उत्तर आलं नाही.
दुसरी आवृत्ती आली.
पान बावीस, टाके १३८.
कुणाचं नाव नाही, आभार नाहीत.
आम्हीही तेच करायचो,
चूक सापडली की दुरुस्त, फाइल बंद.
तरी पुस्तक उघडं ठेवून
मी चहा गार होऊ दिला.

आता सगळ्यांची पानं पूर्ण येतील.
माझ्या जुन्या स्वेटरच्या काखेत मात्र
शेवटच्या पानाचं टोक शिवणीत गेलंय.
बोट लावलं तर लागतं, बारीक गाठीसारखं.
ते काही तिनं काढलेलं नाही,
मीही काढलं नव्हतं.

होतचंदानीकडून नऊ गुंड्या आणल्यात.
१३८ टाके घालून झाले.
एकदा मोजले. पुन्हा मोजले.
शेवटचे दोन सुईच्या टोकाशी आलेत,
बोटानं धरून ठेवलेत.
बाहेर किल्ला अजून दिसत नाही.