सात म्हणेपर्यंत

पहिली दुर्बीण मी सागवानी तिपाईवर बसवली.
लकडगंजात झिंगरूजींनी लाकूड चाचपून दिलं,
म्हणाले, "तोफ ठेवाची हाय का भाऊ?"
आणि बसलीही तोफेसारखीच.
शनी कड्यासकट जागच्या जागी,
वाऱ्याला भीक घालत नव्हती.
फक्त तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायला
दोन भाचे लागायचे,
आणि भाच्यांना नेमक्या परीक्षा असायच्या.

मानेवाड्याच्या गच्चीवरून दिसतं काय?
रिंग रोडचे दिवे, लग्नाच्या लॉनचा लेझर,
उत्तरेला कोराडीचा तांबूस उजेड.
आकाश पाहायचं तर पाचगावच्या पुढं,
गिट्टीखदानी मागं टाकून,
स्कूटीवर.

म्हणून कापत गेलो.
सागवान गेलं, प्लायवूड आलं,
प्लायवूडलाही भोकं पाडली.
नळी काढून चार ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या.
रोज रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर
एकेक स्क्रू तोलला.
हेमलता म्हणाली, एवढं स्वतःचं पोट तोललं असतं तर.
एकतीस किलोंचे चौदा झाले.
आरशाला तेवढं हात लावला नाही.
दोन हिवाळे घासलाय तो,
कार्बोरंडमची पूड अजून नखात आहे असं वाटतं.

संक्रांतीनंतरची रात्र, ओस पडलेली तुरीची शेतं.
फोकसच्या चाकाला बोट लावलं
आणि गुरू, चारही चंद्रांसकट,
सुपातल्या दाण्यांसारखा नाचायला लागला.
एक, दोन, तीन,
सात म्हणेपर्यंत थांबेना.
थांबला, तर तोवर पृथ्वीनं त्याला
कडेला नेऊन ठेवलेलं.
पुन्हा बोट. पुन्हा सात.

राखणीवरचा सोमाजी शेकोटी सोडून आला,
वाकून पाहत राहिला.
"काहून थरथरते हे? थंडी वाजते का याले?"
हलकी आहे, म्हटलं. घरून आणावी लागते ना.
"मंग जड इथं कर.
धुऱ्यावर गोटे काय कमी हायेत?"

युरियाचं रिकामं पोतं,
त्यात धुऱ्यावरचे गोटे, वर चार ओंजळी काळी माती.
तिपाईच्या मधोमध सुतळीनं टांगलं,
जमिनीला जेमतेम टेकेल असं.
बोट लावलं.
एक,

दोनपर्यंत गेलोच नाही.

सोमाजीनं चंद्र मोजले, तीन म्हणाला.
चौथा एव्हाना गुरूमागं गेला असेल
किंवा सोमाजीला दिसला नसेल,
मी काही तपासायला गेलो नाही.
तो डोळा लावून उभा होता
आणि मागं त्याची शेकोटी विझत आली होती.

निघताना पोतं उपडं केलं.
गोटे धुऱ्याचे धुऱ्याला, घडी डिक्कीत.
पहाटे घरी पोचलो, सगळं एकट्यानं उचललं.
दुसऱ्या मजल्यावर थांबलो मात्र,
दम लागला म्हणून नव्हे,
कठड्याला हात लावून
सात मोजले.