आठ अक्षरांत

लोवेल, मॅसॅच्युसेट्स. ब्याऐंशीचा मार्च,
कालव्यावर अजून मळकट बर्फ.
जुन्या कापडगिरणीच्या चौथ्या मजल्यावर आमची कंपनी:
अकरा माणसं, पाच यंत्रं, एक आपटणारा रेडिएटर
आणि विकायला काढलेला एक प्रोग्रॅम, ज्याला नाव नव्हतं.

पत्र लिहायला येत होतं त्याला, ओळी सरकवायला,
चुकलेला शब्द डाग न ठेवता पुसायला.
फक्त हाक मारली तर
ओ देता येत नव्हती.

नाव आठ अक्षरांत बसायला हवं होतं,
पुढचं यंत्र छाटून टाकी.
हे मला कुणी समजावायला नको होतं.
मी हेमलता चिपळूणकर, मॅन्युअल लिहिणारी.
पहिल्याच दिवशी पडद्यावर उमटले होते:
चिपलंक.
शेपूट बाहेर राहिलं,
लिफ्टच्या दारात अडकलेल्या पदरासारखं.
मालक वेंडल स्ट्राउट म्हणाला, बिस्किटाचं नाव वाटतंय,
आणि खरंच फळ्यावर लिहिलं. एकविसावं.

त्याच्या वर वीस होती:
क्विलोमॅटिक, लेटरबर्ड, टाइपोलिना, कसलं कसलं.
बॉस्टनचा वकील रोज दुपारी फोन करी.
हे घेतलंय. तेही.
ते तर दोघांनी घेतलंय आणि दोघं कोर्टात आहेत.
मला वाटे, आमच्यात आत्या येते,
पाळण्याशी वाकते, कानात कुर्र करते,
संपलं. घुगऱ्या वाटा.
वकिलाला कोण विचारतंय?

लॉरेट पेल्की टायपिस्ट.
तिला चाचणीला बसवलं होतं, कारण ती
मिनिटाला नव्वद शब्द मारी
आणि प्रोग्रॅम कोसळला की फ्रेंचमध्ये त्याचा उद्धार करी.
तिच्या चाचणीच्या फाइलचं नाव: ओडील.
कोण ही?
आई, म्हणाली. इथेच होती. तिसरी खिडकी.
मागांच्या गदारोळात काही ऐकू येत नसे,
बाया ओठ वाचून बोलत.
घरीसुद्धा मला नुसत्या ओठांनीच हाक मारायची.
माझी पाठ असली की
ऐकलं नाहीस म्हणून धपाटा.

स्ट्राउट मागे येऊन कधी उभा राहिला, कळलं नाही.
धपाट्याचं त्यानं ऐकलं नसावं.
पडदा वाचला, बोटांवर मोजलं: पाच.
चार वाजता वकिलाचा फोन आला,
मोकळं आहे.

पण ग्राहकाला बाईचं नाव कसं विकायचं?
मग आधी बटण आणून त्याला सदरा शिवावा
तसा अर्थ शिवला:
ऑफिस डॉक्युमेंट अँड इंटरॲक्टिव्ह लेटर एडिटर.
पहिल्या पानावर ते मीच लिहिलं.
ठळक टायपात. स्पेलिंग दोनदा तपासलं.

खोका आला, पिवळा धम्मक.
लॉरेटनं तो उलटा केला, सुलटा केला.
एडिटर, म्हणाली.
सहीच्या जागी फुली मारायची ती.
हसली का ते सांगता येत नाही,
रेडिएटर आपटत होता.
मग खोका बाजूला ठेवून ती परत कामाला लागली,
मिनिटाला नव्वद.

पुढे दोन आवृत्त्या निघाल्या. कंपनी विकली गेली.
नव्या मालकांनी नाव काढून आकडा लावला.
चिपलंक तेवढं टिकलं;
दुरुस्त करायला कुणाला वेळ झाला नाही
आणि मीही नंतर सांगणं सोडलं.
निवृत्तीच्या केकवर क्रीमनं तेच लिहिलेलं.

गिरणीतल्या शेवटच्या दिवशी मी तिसऱ्या खिडकीशी उभी राहिले.
जमिनीत मागांच्या बोल्टची भोकं होती,
त्यांत तेल अजून काळं.
खोलीत कुणी नव्हतं.
आवाज न करता ओठ हलवून पाहिले,
तिचं नाव.
काचेवर वाफ धरली
फक्त ओ-पुरती.