अकरावी स्लाइड

टल्सा. हॉटेलचा तळमजला, गालिच्यावर कॉफीचे जुने डाग.
या महिन्यातलं माझं चौथं भाषण:
कर्ज, कायदा, नेतृत्व. मानधन बरं आहे.

अकराव्या स्लाइडवर मी नेहमी थांबते.
वार्षिक व्याज, तीनशे एक्याण्णव टक्के.
इथे सभागृह हळहळतं,
बेतानं.

आज पाणी वाढणारी बाई
जग तसाच तिरका धरून उभी राहिली.
छातीवर नावाची पट्टी: व्हर्ला.
ग्लास भरला, टेबलक्लॉथ भिजला,
बँकवाले खुर्च्या मागे सरकवू लागले.

"मला तर पंधराच सांगितले होते,"
ती म्हणाली, माइकशिवाय.

पंधरवड्याला, बाई. दर पंधरवड्याला.

हे वाक्य माझ्याकडे तयार होतं,
बाराव्या स्लाइडवर, ठळक अक्षरात.
बटणावर अंगठा होता.
दाबवेना.