पायऱ्या

आमच्या दुकानात आता उतरावं लागतं.
नवं गिऱ्हाईक हमखास अडखळतं.
मी गल्ल्यावरूनच ओरडते, 'जपून, एक पायरी खाली!'
दिवसातून वीसेक वेळा.

अप्पा दुकानात चढायचे.
काळ्या दगडाच्या पाच पायऱ्या,
धोतराचा सोगा हातात,
पाचवीवर थांबून आधी कुलपाला हात, मग कपाळाला.
तेव्हा मंगळवार पेठ भोंग्यावर चालायची.
पाळी सुटली की रस्ता पांढरा व्हायचा,
माणसांच्या भुवयांवर कापूस बसलेला,
आणि आमच्या काउंटरला कोपर टेकून
धोटे, कांड्या, फण्या मागणारे आवाज,
निम्मे तेलुगूत, निम्मे कानडीत,
भांडण मात्र मराठीत.

पहिली पायरी कधी गेली
ते घरात कुणालाच सांगता येत नाही.
आई म्हणते, गड्ड्याच्या आधी.
अप्पा म्हणायचे, निवडणुकीच्या.
रात्री पिंपं पेटायची,
सकाळी डांबरात चपला रुतायच्या,
आणि उंची कुणी मोजत नसे.

दुसरी गेली ते मला आठवतं,
कारण राजव्वा तिच्यावर बसायची
सुपात विड्यांची पानं घेऊन.
आली, बघितलं, उभीच राहिली थोडा वेळ.
मग एक पायरी वर सरकून बसली.
'माझा मजला वाढला की गं,' म्हणाली,
आणि कातर चालू.

तिसरी बुडाली तेव्हा भोंगा बंद पडून वर्ष झालं होतं.
पेठेला वेळ कळेना.
कोपऱ्यावर एकानं घड्याळाचं दुकान टाकलं,
चांगलं चाललं.

समोरचं तांब्या-पितळेचं दुकान
एसटीडी झालं, झेरॉक्स झालं,
आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात,
उंबऱ्यावर कल्हईचा डाग अजून तसाच.
आमच्याकडे धोट्यांच्या खोक्यात नायलॉनची दोरी.
उरलेले धोटे मागायला हॉटेलवाले येतात,
भिंतीवर लावतात म्हणे.
मी एकाचे दीडशे सांगते.
देतात.

गेल्या मार्चात ड्रेनेजसाठी रस्ता उकरला.
पुरुषभर खोल चर, दुकानाच्या तोंडाशी.
वडी कापल्यासारखा रस्ता उभा कापलेला:
डांबर, खडी, डांबर, मुरूम, पुन्हा डांबर,
मधेच कुणाची तरी निळी स्लीपर,
आणि त्याच्या खाली पायऱ्या.
पाचही.
मी झाडू घेऊन उतरले,
का ते विचारू नका.
तिसरीवर माती निघाली तशी रेघ निघाली,
रेघेला रेघ,
छिन्नीनं कोरलेला वाघ-बकरीचा पट.

तासाभरात पेठेला कळलं.
इरेशम आला, ऐंशीच्या घरातला,
पुतण्यानं काखेत धरून खाली सोडला त्याला.
'पुलीमेका,' म्हणाला, आणि पटावरून बोट फिरवत राहिला.
बशीर मिस्त्रीला निरोप गेला.
दोघं एकेकाळी एका खात्यात, एका पाळीत,
गेली बारा वर्षं अबोला,
कारण दोघांनाही नीट आठवत नव्हतं.
वाघ म्हणून आमच्याकडचे तीन नट घेतले,
बकऱ्या म्हणून रस्त्याचीच खडी.
जेसीबीवाला वर कडाला बसून
कडक भाकरी मोडत, शेंगाचटणी चोळत बघत होता.
'खा बे ती बकरी, समोरच हाय!'
'तू गप बे, तुझं खोदायचं बघ.'

चारला मिक्सरची गाडी आली.
मिस्त्री हात झाडून उठला.
इरेशम उठेना.
त्याचा एक वाघ कोंडलेला, दोन मोकळे, चाल त्याची.
त्याला उचलूनच वर काढला.
'माझे नट?' मी विचारलं.
'राहू दे की,' तो म्हणाला, 'डाव मोडू नको.'
मी नाही मोडला.
काँक्रीट पडलं, करडं, गार,
आधी पटाच्या कडेनं, मग वर.

आठ दिवस पाणी मारून झाल्यावर
मी टेप लावून बघितलं.
रस्ता आणखी वर आलाय,
आता दीड पायरी.

ओरडताना दीड म्हणता येत नाही.
दोन म्हणते.