वरच्या खोलीचं कुलूप

वरची खोली म्हणजे आधी मागाचं शेड.
दोन माग होते, भंगारात गेले.
फरशीत बोल्टची आठ भोकं राहिली.
भाडं सांगताना मी भोकं सांगितली नाहीत.

ते दोघं मार्चच्या शेवटी आले,
म्हणजे सोलापुरात कुणी येऊ नये अशा वेळी.
तो फार्मसी शिकणार, नाव हुसाम.
ती बुशरा. देश येमेन.
म्हटलं, असेल.
आमचे सासरेही मोगलाईतून आले होते
पायी, पिशवीत एक धोटा घेऊन.
तोही तेव्हा दुसराच देश होता.

चौकीतल्या फॉर्मवर एक रकाना : कायमचा पत्ता.
हुसामचं पेन तिथं इतका वेळ टेकलं
की शाईचा डाग फुगत गेला.
हवालदार म्हणाला, लिव की बे, जेवायला जायचंय.
त्यानं माझाच पत्ता लिहिला.
हवालदारानं खोडला.
त्यानं शेजारी पुन्हा लिहिला, तोच,
साखर पेठेसकट.
मग हवालदारानं मान वर करून एकदा बघितलं
आणि शिक्का मारला.

पहिल्या आठवड्यात मी तिला एकच गोष्ट शिकवली : पाणी.
पाणी चार दिवसांनी येतं, कधी पाच.
वेळ विचारायची नाही.
नळाकडे कान ठेवून झोपायचं.
आधी तो खोकतो, मग गुरगुरतो, मग हवा सोडतो.
"हवा," मी हात हलवून दाखवलं.
"हवा!" ती म्हणाली, आणि हसली.
त्यांच्याकडेही हवाच म्हणतात.

मग तो नादच लागला आम्हाला.
साबण मागायला आली : साबून.
तारीख तीच. बाकी तीच.
मालक तोच
(आमच्यात मालक म्हणजे नवरा,
हे सांगताना माझी पुरेवाट झाली).
मी घरात तेलुगू बोलते, बाजारात मराठी,
महानंदाशी भांडते ती कन्नडात.
पण हे शब्द आमच्यात कधी राहायला आले,
डिपॉझिट कुणी घेतलं त्यांचं,
मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

कुलपाला ती कुफ्ल म्हणते.
तोंडातल्या तोंडात अक्षरांनी
जागा बदलल्यात, भाडेकरूंसारख्या,
मधला कडेला, कडेचा मधे.
किल्ली मात्र एकच, आणि ती
जोर लावल्याशिवाय फिरत नाही.

एवढं झालं म्हणजे ती रुळली, असं नाही.
पारा चव्वेचाळीसला गेला तेव्हा
चादर भिजवून, अंगावर घेऊन
तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती.
हुसाम जिन्यात बसून पुस्तक वाचत होता,
पान न उलटता.
मी कडक भाकरी नेली, शेंगाचटणी नेली.
तिनं चटणी खाल्ली, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी.
ठसका थांबला.
पाणी थांबलं नाही.
मी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन तिथंच बसले.
दोनशे विड्या झाल्या.
ह्याला माझ्याकडे शब्द नव्हता.
तिच्याकडे असेल.
तिनं सांगितला नाही, मी मागितला नाही.

काल रात्री अडीचला नळ खोकला
आणि मला जागच आली नाही.
मला! चाळीस वर्षं ह्या गल्लीत
जिच्या हाकेनं बाया उठल्या.
वरून पाईपवर पळी वाजली, ठण ठण ठण,
आणि सगळी साखर पेठ उठेल असा आवाज :
"रंगाक्का! पाणी येऊलालंय!"

हे "येऊलालंय" मी शिकवलं नव्हतं.

सकाळी भाड्यासाठी वर गेले. पाच तारीख.
निम्मे पैसे हातावर ठेवून म्हणाली, बाकी.
म्हटलं, बाकी.
तेव्हा दिसलं, टेबलाचा एक पाय
बोल्टच्या भोकात रुतवून बसवलाय,
आणि उरलेल्या तिघांना उंची जुळेना, म्हणून
फरशीचे तुकडे घासून काढलेत त्यांच्यासारखे.
म्हटलं, अगं, जरा सरकव की इकडं, सरळ राहील.
तिनं टेबलावर दोन्ही हात टेकले,
भार दिला.
"नको," म्हणाली. "हलत नाही आता."