कॉलबुक

पावणेतीन.
पडद्यावरची चौकट हिरवी होते, म्हणजे
तोतलाडोहच्या मोजपट्टीला विचारून झालं:
पाणी किती?
दर पंधरा मिनिटांनी विचारायचं, हे मीच लिहून ठेवलंय,
शून्य, शून्य भागिले पंधरा, मग तारा, तारा, तारा
आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह.

पहिल्या आठवड्यात घड्याळ ग्रिनिचचंच राहून गेलं होतं.
पहाटे तीनचा निरोप निघायचा साडेआठला.
नंदनवार सर म्हणाले, साडेपाच तास कोणी खाल्ले?
ते दुरुस्त केलं.

आता दुसरंच.
चार रात्री झाल्या, उत्तर येतं: दोनशे.
दोनशे म्हणजे ठीक, पोचलं, सगळं बरोबर.
उघडून बघावं तर
कंस उघडतो, कंस मिटतो,
मध्ये काही नाही.
आणि खालच्या तक्त्यात धरण कोरडं पडतं
पेंच काठोकाठ असताना.

बाबा उठलेत.
निवृत्तीला एकोणीस वर्षं झाली, तरी या वेळेला
मानेवाड्याच्या या घरात त्यांची चप्पल वाजतेच.
अजनीच्या शेडमध्ये ते कॉलमन होते, इस्तारी मेश्राम.
एक सायकल, तीन सेलची बॅटरी, बगलेत कॉलबुक.
गाडी सुटायच्या दोन तास आधी
ड्रायव्हरच्या क्वार्टरची कडी वाजवायची,
चला साहेब, इटारसीची मालगाडी, पाच दहा.
सही घ्यायची. पुढचं दार.
कुठे कुत्रं. कुठे बायको, आत्ताच तर आले, झोपू द्या नं भाऊ.
कुठे कुलूप.
कुठे दाराआडून नुसतं "सिक".

माझ्या खांद्यावरून बघतात, चष्मा नसताना.
"काऊन थांबली?"
सांगते. मी विचारते, ते हो म्हणतात, पण देत काहीच नाहीत.
"सही भेटते नं?"
भेटते.
"मंग सहीवर नोको जाऊ."

स्टूल ओढून बसतात.
"कोल्हे म्हणून एक होता, झोपेतच सही कराचा.
अक्षर असं, मोत्यासारखं. अन् कडी लावून परत आडवा.
अख्खी मालगाडी उभी राह्यली त्याच्यापायी.
मेमो मले."
मग?
"मंग काय. सही झाली का मी निंबाखाली उभा राहो.
आत लाईट लागला, स्टोव्हचा आवाज आला, का मंगच निघो.
नाही लागला तं दहा मिनिटानं परत कडी."

मी एक नवी चौकट ओढते.
दोनशे आलं तरी आत डोकाव.
रिकामं असेल तर दहा मिनिटं थांब, परत विचार.
तीनदा. मग मला उठव.
चौकटीला नाव द्यावं लागतं,
नियमाप्रमाणे इंग्रजीत, कुणालाही कळेल असं.
मी लिहिते: निंब.

तीनला रिकामं.
तीन दहाला रिकामं.
सव्वातीनला नवा प्रश्न आपल्या वेळेवर गेला, तोही रिकामा परतला.
तीन वीसला आत एक आकडा,
चारशे एकोणनव्वद पॉइंट सहा.

लाईट लागला, म्हणून वळते
तर बाबा स्टुलावरच, भिंतीला डोकं टेकून,
तोंड किंचित उघडं.
हाक मारत नाही.
अजून काम आहे. तीन पंचवीसला
सव्वातीनचा प्रश्न पुन्हा कडी वाजवायला निघेल.
त्याला आता कोणीतरी सांगायला हवं
की ते जागे झालेत.